जागतिक लष्करी संगणक जाळे

मायदेशापासून दूर पाठवलेल्या सैन्याला त्याची मुख्यालये, गुप्तवार्ता केंद्रे, रसदीची कोठारे आणि शेजारच्या तुकड्या यांच्याशी जोडून ठेवणारी संगणक, प्रकाशतंतू केबल, उपग्रह व बिनतारी संच यांची एकत्र बांधलेली व्यवस्था. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९९ मध्ये तिला ‘ग्लोबल इन्फर्मेशन ग्रिड’ हे नाव दिले. त्या व्याख्येत यंत्रांबरोबर कार्यपद्धती आणि ती चालवणारी माणसेही धरली होती. जगभर सैन्य पाठवणारे आणि त्यासाठी जगभर जाळे बांधणारे देश मोजकेच, म्हणून या विषयाचा इतिहास बव्हंशी अमेरिका आणि नाटो यांचा आहे. ‘जाळे’ हा शब्द एकवचनी असला तरी प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या दलांनी, वेगवेगळ्या काळात, आपापल्या सोयीने विणलेल्या अनेक जाळ्यांचे गाठोडे असते. अंतर कापणे हा यातला तुलनेने सोपा भाग. दोन जाळ्यांमधली फट बुजवणे अवघड, आणि ती बुजत नाही तिथे शेवटी कुणीतरी माणूस माहिती हातात घेऊन पलीकडे जातो.

संगणकांनी लष्करी संदेश जगभर पोचवण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात सुरू झाले. अमेरिकेची ‘डिफेन्स कम्युनिकेशन्स एजन्सी’ १९६० मध्ये स्थापन झाली (१९९१ पासून ती ‘डिफेन्स इन्फर्मेशन सिस्टिम्स एजन्सी’, थोडक्यात ‘डिसा’, या नावाने ओळखली जाते), आणि १९६२ मध्ये सर्व दलांच्या आदेश-नियंत्रणासाठी ‘विमेक्स’ ही जागतिक यंत्रणा आखली गेली. कागदावर ती एक होती. मुळात मात्र आधीच्या सुट्या यंत्रणांवर एक नाव चढवले होते. ८ जून १९६७ रोजी सिनाईच्या किनाऱ्याजवळ ‘लिबर्टी’ या अमेरिकी टेहळणी जहाजावर इस्राएली विमाने व नौकांनी हल्ला केला आणि ३४ जण मरण पावले. किनाऱ्यापासून १०० मैल दूर जाण्याचा आदेश त्याआधीच निघाला होता, पण हल्ला होईपर्यंत तो जहाजावर पोचलाच नाही. संबंधित संदेशांपैकी एक तर चुकून फिलिपिन्सला गेला होता.

संगणक जाळ्यांचे आजचे तंत्रज्ञानही संरक्षण खात्याच्याच पैशातून उभे राहिले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्पानेट’ या इंटरनेटच्या पूर्वजाने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी हे संकेत, म्हणजे संगणकांनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची याचे नियम, स्वीकारले आणि त्याच वर्षी लष्करी वापराचा भाग ‘मिलनेट’ म्हणून वेगळा काढण्यात आला. १९९० च्या दशकात त्यातून पुढची विभागणी झाली: रोजच्या, गोपनीय नसलेल्या कामासाठी ‘निपरनेट’, ‘सीक्रेट’ दर्जाच्या माहितीसाठी ‘सिपरनेट’ आणि त्याहून वरच्या गुप्तवार्तेसाठी ‘जेविक्स’. ही तिन्ही जाळी बऱ्याच ठिकाणी एकाच केबलमधून धावतात. कूटलेखन यंत्रातून बाहेर पडलेला मजकूर वाटेतल्या कुणालाही उलगडत नसल्यामुळे तिन्हींची वाहतूक एका नळीतून नेता येते. वेगळेपण टोकाला दिसते, म्हणजे टेबलावर, जिथे प्रत्येक जाळ्याचा संगणक वेगळा असतो.

एकत्रीकरणाची गरज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली ती १९९१ च्या आखाती युद्धात. सौदी अरेबियातील रियाधच्या मुख्यालयात दररोज हवाई मोहिमेचा आदेश तयार होई. कुठले विमान किती वाजता कुठल्या लक्ष्यावर जाणार, इंधन हवेत कुठे भरणार, कुठली बिनतारी वारंवारता वापरणार, हे सगळे त्यात असे आणि तो शेकडो पानांचा होई. हवाई दलाच्या तळांवर तो संगणकाने जाई. लाल समुद्रात आणि इराणच्या आखातात उभ्या असलेल्या विमानवाहू जहाजांवर मात्र तो घेण्याजोगी उपग्रह यंत्रणा नव्हती, म्हणून नौदलाची विमाने रोज रियाधला जाऊन आदेशाची प्रत उचलत आणि जहाजाच्या डेकवर आणून देत. जगातल्या सर्वांत महागड्या लढाऊ ताफ्याला टपाल लागत होते. १९९२ पासून नौदलाने ‘चॅलेंज अथेना’ या प्रकल्पातून विमानवाहू जहाजांवर व्यापारी उपग्रहांची जोडणी बसवायला घेतली. तिचा वेग सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट होता.

१९९८ मध्ये अमेरिकी नौदलाचे व्हाइस ॲडमिरल आर्थर सेब्रोव्स्की आणि संरक्षण खात्यातले जॉन गार्स्टका यांनी जालकेंद्री युद्धाची कल्पना मांडली. लढणाऱ्या सर्व घटकांना एकच चित्र एकाच वेळी दिसले तर लहान सैन्यही भारी पडेल, असा तिचा सूर होता. पुढचा दशकभराचा खर्च याच विश्वासावर झाला. जमिनीवरच्या बाजूने तो फळला: २००५ अखेर पूर्ण झालेल्या रुंदीकरणात जगभरच्या मुख्य लष्करी ठिकाणांना सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या प्रकाशतंतूंनी जोडण्यात आले. हवाई बेटांवरील वाहिआवा, जर्मनीतील लांडस्टूल, जपानच्या ओकिनावा बेटावरील फोर्ट बकनर अशा स्थानकांत ही केबल उपग्रहांच्या मोठ्या तबकड्यांना मिळते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील क्रीच हवाई तळावर बसलेला वैमानिक अफगाणिस्तानवरचे मानवरहित विमान चालवत असे, तेव्हा त्याचा आदेश केबलने अटलांटिक ओलांडून जर्मनीत आणि तिथून उपग्रहामार्गे विमानापर्यंत जाई. चित्र परत येईपर्यंत सेकंदभराहून अधिक वेळ जात असल्यामुळे उड्डाण आणि उतरणे ही कामे त्या त्या भागातल्या तळावरचे पथक थेट बिनतारी संपर्काने करी.

भूस्थिर उपग्रह वापरायचा तर या विलंबावर पूर्ण उपाय नाही. पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा हा उपग्रह ३५,७८६ किमी. उंचीवर असतो, प्रकाशाच्या वेगानेही वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तरासह अर्धा सेकंद लागतोच. टीसीपीमध्ये पाठवणारा संगणक ठरावीक माहिती सोडून पोच मिळेपर्यंत थांबतो. मूळ संकेतात ही मर्यादा ६४ किलोबाइटची असल्याने, उपग्रहाची वाहिनी कितीही रुंद घेतली तरी एका जोडणीत सेकंदाला साधारण एक मेगाबिटच्या पुढे काही सरकत नसे. तळावरच्या माणसाला वाटे बँडविड्थ, म्हणजे वाहिनीची वहनक्षमता, कमी पडते आहे. खरे तर वाहिनी रिकामी पडून असे. मग पोचपावतीची मर्यादा वाढवणारी सुधारणा आणि उपग्रहाच्या अलीकडेच खोटी पोच देऊन पाठवणाऱ्याला पुढे रेटणारी मधली यंत्रे आली.

शेवटचा टप्पा सगळ्यांत दुबळा राहिला. २००३ मध्ये इराकवर चालून गेलेल्या तुकड्या इतक्या वेगाने पुढे सरकल्या, की थांबून मनोरे उभारल्याशिवाय न चालणारी त्यांची जुनी दूरध्वनी-संदेश यंत्रणा मागेच पडली. तारणहार ठरली ती ‘ब्लू फोर्स ट्रॅकर’ ही साधी सोय: गाडीतल्या पडद्यावर नकाशा, त्यावर आपल्या गाड्यांच्या निळ्या खुणा आणि उपग्रहामार्गे जाणारे छोटे मजकूर. त्यानंतर २००४ पासून ब्रिगेड व बटालियनला उपग्रह तबकडीसकट स्वतःचे जाळे देण्यात आले. चालत्या गाडीतून जोडणी देणारी त्याची पुढची आवृत्ती मात्र अवजड व हल्ल्यापुढे टिकणार नाही असे ठरवून सेनेने २०१७ मध्ये तिची खरेदी थांबवली. सर्व दलांसाठी एकच संगणकी बिनतारी संच बनवण्याचा १९९७ पासूनचा प्रकल्प त्याआधीच गुंडाळला गेला होता. लेसर दुव्यांचे लष्करी उपग्रह २००९ मध्ये रद्द झाले. या क्षेत्रातल्या यशाइतकीच अपयशेही महागडी आहेत.

अफगाणिस्तानात चाळीसहून अधिक देशांचे सैन्य एका मोहिमेत होते आणि प्रमुख देशांची जाळी आपापली होती. मुख्यालयातल्या अधिकाऱ्याच्या टेबलाखाली तीन-चार संगणक, वर तितकेच पडदे. एका पडद्यावर वाचायचे, खुर्ची फिरवायची आणि तेच दुसऱ्यावर टंकायचे. रस्त्यात पुरलेल्या स्फोटकाची खबर शेजारच्या देशाच्या गस्तीला कळायला या खुर्चीच्या फिरण्याएवढा उशीर होई. २०१० मध्ये ‘अफगाण मिशन नेटवर्क’ने ही जाळी जोडली. तांत्रिक काम मर्यादितच होते. खरा बदल नियमांचा होता: मोहिमेची माहिती मोहिमेतल्या सर्व देशांना वाचता येईल अशा सामायिक गोपनीयता-दर्जावरच तयार करायची, राष्ट्रीय जाळ्यावर तयार करून नंतर परवानगी मागायची नाही.

फटीतून हाताने नेलेल्या माहितीने दोनदा मोठा दणका दिला. २००८ मध्ये मध्यपूर्वेतील एका तळावर लावलेल्या पेनड्राइव्हमधून ‘एजंट बीटीझेड’ हा उपद्रवी प्रोग्रॅम गोपनीय जाळ्यातही शिरला. तो उपटताना पेनड्राइव्हवर बंदी आली आणि २०१० मध्ये संगणक जाळ्यांच्या संरक्षणासाठी अमेरिकेची सायबर कमांड उभी राहिली. त्याच वर्षी इराकमधल्या एका सैनिकाने सिपरनेटवरील लाखो कागदपत्रे सीडीवर उतरवून बाहेर नेल्याचे उघड झाले. ‘सगळ्यांना सगळे दिसावे’ या तत्त्वाची दुसरी बाजू त्या सीडीत होती.

तैनात सैन्याच्या उपग्रह वाहतुकीचा मोठा वाटा खासगी कंपन्यांकडून भाड्याने घेतलेला असतो, त्यामुळे लष्करी आणि नागरी जाळ्यांची सीमाही पुसट आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या पहाटे ‘का-सॅट’ या व्यापारी उपग्रह सेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने निकामी झाले. त्यात जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण संपर्कही तुटला.

अफगाणिस्तानातल्या अनुभवातून नाटोने मोहीम सुरू होण्याआधीच जाळी जुळवून ठेवण्याची पद्धत स्वीकारली. त्यासाठी पोलंडमधील बिदगोश्च येथे दरवर्षी सराव होतो. देशोदेशीचे अभियंते आपापली यंत्रे एकमेकांना जोडून एकाच नकाशावरची एकच खूण पलीकडच्या पडद्यावर जशीच्या तशी उमटते का, हे तपासतात.