डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवण्याच्या पद्धती

डोळ्यातलं मूळचं भिंग गढूळ झालं, म्हणजेच मोतीबिंदू झाला, की ते काढून त्याच्या जागी प्लास्टिकचं भिंग बसवतात. डॉक्टर त्याला आयओएल म्हणतात, बाकी सगळे सरळ लेन्स म्हणतात, आणि पेशंटला भेटायला आलेला प्रत्येक जण "लेन्स टाकली ना?" हे विचारतोच. ही लेन्स म्हणजे साधारण ६ मिमीची चकती, तिला दोन बाजूंना केसासारखे बारीक वाकडे पाय, पाय धरून लांबी १३ मिमीच्या आसपास. बाहेरून वाटतं की सगळी कमाल लेन्स आत घालण्यात आहे. तसं नाहीये, घालायला काही सेकंद लागतात. ती टेकवायची कशावर हा खरा प्रश्न, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत जेवढ्या पद्धती निघाल्या त्या बहुतेक या एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

मूळ भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं आणि ती पिशवी चहूबाजूंनी बारीक तंतूंवर टांगलेली असते. पिशवीचा मागचा पडदा मधोमध जेमतेम ४ मायक्रॉन जाड, कांद्याचा पापुद्रा त्यापुढे गोधडी वाटेल. गढूळ भिंग बाहेर काढायचं पण हा पडदा फाटू द्यायचा नाही, कारण नवी लेन्स याच पिशवीत बसणार असते.

आधी हा प्रश्नच नव्हता कारण नवीन काही बसवतच नव्हते. सुश्रुतसंहितेत वर्णन आहे ती पद्धत, म्हणजे सुईने भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचं, जगभर शतकानुशतकं चालली. तंजावरच्या भोसल्यांपैकी सरफोजी राजांच्या काळातले मोतीबिंदूच्या पेशंटचे कागद, डोळ्यांच्या चित्रांसकट, आजही जपून ठेवलेत. फ्रान्सच्या जाक दाविएलने अठराव्या शतकाच्या मध्यात भिंग डोळ्याबाहेर काढायला सुरुवात केली, पण त्यानंतरही पेशंटच्या नशिबी जाड चष्माच होता. आपल्याकडे तर १९८० च्या दशकापर्यंत शिबिरांत भिंग पिशवीसकट उपटून काढायचे आणि वर +१० च्या आसपासचा चष्मा द्यायचे. जुन्या फोटोत सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावलेली, डोळे भलेमोठे दिसणारी आजी असते ना, तीच ही. त्या चष्म्यातून वस्तू पाव पटीने मोठी दिसायची, त्यामुळे कपात चहा ओतताना तो बाहेर सांडायचा, जिन्याची पायरी चुकायची.

पहिली लेन्स लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडलीने २९ नोव्हेंबर १९४९ ला बसवली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, खरं तर अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे घुसायचे आणि ते आत राहूनही डोळा चिडत नव्हता, हे त्याने पाहिलं होतं. मग त्याच प्लास्टिकची लेन्स करून घेतली. पेशंटला मोठा मायनस नंबर आला, पण कल्पना खरी ठरली. त्याच्या क्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांनी मात्र त्याला वर्षानुवर्षं झोडपलं, आणि टीका अगदीच खोटी नव्हती, लेन्स जड होती आणि जागेवरून सरकायची. म्हणून पुढच्या काहींनी ती बाहुलीच्या पुढे बसवून पाहिली, काहींनी आयरिसला म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याला अडकवून पाहिली. पुढे बसवलेल्या बऱ्याच लेन्सनी कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वाट लावली. शेवटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वाकड्या पायांच्या लेन्स आल्या आणि गाडी पुन्हा रिडलीच्या जागेवर, बाहुलीच्या मागे, आली. रिडलीला सर ही पदवी मिळाली २००० साली, वयाच्या नव्वदीनंतर.

आता आजच्या दोन मुख्य पद्धती.

पहिली फेको. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमनला दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून हे सुचलं आणि १९६७ मध्ये त्याने पहिलं ऑपरेशन केलं. दोन-अडीच मिमीचा छेद, आत घट्ट जेलीसारखं द्रव्य भरायचं म्हणजे डोळा खचत नाही, मग पिशवीच्या पुढच्या बाजूला चिमट्याने गोल झाकण फाडायचं. हे झाकण फाडणं मला सगळ्यात अवघड वाटतं, कडा एकसलग गोल हवी, कारण एकदा का फाट बाहेर पळाली की ती पार मागच्या पडद्यापर्यंत जाऊ शकते. नंतर सेकंदाला हजारो वेळा थरथरणाऱ्या पोकळ सुईने भिंगाचा चुरा करून ओढून घ्यायचा. लोक याला "लेझरने केलं" म्हणतात, पण साध्या फेकोत लेझर कुठेच नाही, तो अल्ट्रासाउंड असतो.

मग घडीची लेन्स. ती नळीत गुंडाळून, छेदातून टोक आत घालून ढकलतात आणि ती पिशवीत हळूहळू उलगडते, विडा सोडल्यावर पान सैल व्हावं तशी. पाय पसरतात, पिशवीच्या कडेला टेकतात, डॉक्टर हुकने थोडी फिरवून मधोमध आणतात, संपलं, टाका नाही.

दुसरी एसआयसीएस, म्हणजे हाताने करायचं बिनटाक्याचं ऑपरेशन. भारत आणि नेपाळमधल्या गोरगरिबांच्या नजरेचं श्रेय जास्त करून हिला जातं. इथे डोळ्याच्या पांढऱ्या भागात ६-७ मिमीचा, उलट्या चापासारखा छेद घेऊन तिथून कॉर्नियापर्यंत तिरका बोगदा करतात. बोगद्याचं आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद असतं, डोळ्यातल्या दाबानेच ते मिटतं म्हणून टाका लागत नाही. भिंगाचा कडक गाभा पाणी सोडणाऱ्या बारीक पळीने अख्खाच बाहेर आणतात. महागडं मशीन लागत नाही, आणि खेड्यातून येणारा पांढराफटक किंवा तपकिरी दगड झालेला पिकलेला मोतीबिंदू असेल तर फोडत बसण्यापेक्षा हेच बरं पडतं. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर फेको आणि एसआयसीएसची तुलना झाली आणि २००५ मध्ये छापून आली. बिनचष्म्याची नजर फेकोत थोडी सरस, पण चष्मा लावल्यावर दोन्हीकडे जवळपास सारखीच. मुंबईच्या जेजे रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेले डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या नावावर तर लाखाच्या वर ऑपरेशनं आहेत. आणि हे सगळं परवडायला लागलं त्यात मदुराईच्या ऑरोलॅबचा वाटा मोठा, बाहेरून येणारी लेन्स १०० डॉलरच्या आसपास पडायची तेव्हा त्यांनी १९९२ पासून इथेच बनवून ती १० डॉलरच्या आसपास आणली.

लेन्सचा नंबर ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक मोजून काढतात. लांबी साधारण साडेतेवीस मिमी असते, मोजण्यात १ मिमीची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. टोरिक (तिरका नंबर घालवणारी), मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) वगैरे प्रकार आहेत पण बसवायची रीत तीच, टोरिकचा फक्त कोन नीट जुळवावा लागतो. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तिने आयरिस लुळी पडते आणि ऑपरेशनच्या मध्येच बाहुली आकसते.

आता पिशवी फाटली, किंवा मार लागून तंतूच तुटले तर? मागचा पडदा फाटला पण पुढची कडा शाबूत असेल तर पिशवीच्या पुढे, आयरिसच्या मागे, खाचेत तीन तुकड्यांची, म्हणजे चकतीला दोन पाय वेगळे जोडलेली, लेन्स ठेवतात. तेवढाही आधार नसेल तर आयरिसला खेकड्याच्या नांगीसारखी पकडणारी लेन्स असते, मूळ नेदरलँड्सच्या यान वोर्स्टची, आपल्याकडे ती अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी रुळवली. किंवा मग लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला शिवायची, पण त्यातला बारीक धागा काही वर्षांनी तुटून लेन्स खाली पडल्याच्या केसेस आहेत. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये धागाच काढून टाकला, लेन्सचे पाय भिंतीतल्या बोगद्यात खोचून वर गोंद लावला, तोही फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना जे बनतं त्याचा. जपानच्या शिन यामाने यांनी गोंदही काढला! दोन बारीक सुयांतून पाय बाहेर ओढायचे, टोक उष्णतेने वितळवून खिळ्याच्या माथ्यासारखी गाठ करायची आणि ती भिंतीत दाबून द्यायची.

आणि सगळं नीट झालं तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागच्या पडद्यावर उरलेल्या पेशी पसरून नजर परत धुरकट होते, लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. मोतीबिंदू परत येत नाही. पेशंटला यंत्रासमोर बसवून, हनुवटी टेकवून, याग लेझरने त्या पडद्याला मधोमध भोक पाडतात, म्हणजे ऑपरेशनभर जो पडदा जीवापाड जपला तोच. लेझर लागतो तो इथे.