कॅल्क्युलेटरच्या बटणांखाली स्प्रिंगा नसतात

‘प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, एक अडकलं की कॅल्क्युलेटर फेका,’ हा समज जुना आहे. बाहेरून बटणं सुटी दिसतात, त्यामुळे तसं वाटणारच.

घरातला बंद पडलेला स्वस्त कॅल्क्युलेटर घ्या, सेल काढा, मागचे स्क्रू उघडा. आत बहुधा रबराचा एकच अखंड पत्रा निघतो. त्याच्या प्रत्येक फुगवट्याखाली कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबलं की ती सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडते. प्रत्येक ओळीला एक आणि प्रत्येक रकान्याला एक तार अशा जाळीमुळे २४ बटणांना १० तारा (६ ओळी, ४ रकाने) पुरतात. कीपॅड स्वस्त पडतो तो म्हणूनच.

बटण दाद देत नसेल तर टिकलीवर बऱ्याचदा नुसता मळ असतो. कोरड्या कापसाने अलगद पुसा. खरवडू नका, कार्बन निघून येतो.