बाथ: उष्ण झऱ्यांचे शहर आणि युरेनसचा शोध

इंग्लंडमधील बाथला जाणारे बहुतेक प्रवासी रोमन स्नानगृहे पाहून परततात. न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाच्या घराकडे त्या मानाने फार थोड्यांची पावले वळतात. वास्तविक त्या घराचा इतिहासही या उष्ण पाण्याशीच निगडित आहे. सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाच्या झऱ्यावर रोमनांनी पहिल्या शतकात सुलिस मिनर्व्हा या देवतेचे मंदिर आणि स्नानगृहे उभारली. चोराला शासन कर, अशी शिशाच्या पत्र्यांवर कोरलेली गाऱ्हाणी तेथील कुंडातून निघाली आहेत. अठराव्या शतकात औषधी स्नानासाठी येणाऱ्या उमरावांमुळे बाथ पुन्हा भरभराटीला आले. दुखणे हे अर्थात पुष्कळदा निमित्तच असे; ओढ असे ती नाच, पत्ते आणि मैफिलींची.

या गर्दीला वादक हवे होते. मूळचे हॅनोव्हरचे विल्यम हर्शेल १७६६ मध्ये ऑक्टॅगन चॅपेलचे ऑर्गनवादक म्हणून येथे आले आणि १७७२ मध्ये त्यांनी बहीण कॅरोलाइन यांनाही गायनासाठी बोलावून घेतले. मैफिली आणि शिकवण्यांची कमाई ते दुर्बिणींवर खर्च करत. हंगाम संपून शहर ओस पडले की घराचाच कारखाना होई. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासताना हात थांबवणे त्यांना मान्य नसे; एकदा सलग सोळा तास काम चालले, तेव्हा कॅरोलाइन यांनी त्यांना घास भरवल्याची नोंद आहे.

१३ मार्च १७८१ च्या रात्री न्यू किंग स्ट्रीटवरील त्याच घराच्या मागील बागेतून सात फुटी दुर्बिणीने पाहताना त्यांना चकतीसारखी एक ज्योती दिसली. त्यांनी तिला धूमकेतू मानले; कक्षेच्या गणितानंतर मात्र तो शनीपलीकडचा नवा ग्रह, म्हणजे युरेनस, असल्याचे ठरले. त्याच वर्षी तळघरात मोठा आरसा ओतताना वितळलेला धातू फुटून वाहिला आणि फरशीचे दगड तडकले. त्या खुणा आजही दाखवल्या जातात. १७८२ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने वार्षिक २०० पौंडांचे वेतन देऊ केले. संगीताच्या मिळकतीहून ते कमी असूनही हर्शेल यांनी ते स्वीकारून बाथ सोडले. त्यांच्या या घरात १९८१ पासून संग्रहालय आहे.