कोरड्या डोळ्यांवरचे औषध सिद्ध करणे इतके अवघड का?

कोरड्या डोळ्यांवर नवे औषध शोधणाऱ्यांना सर्वाधिक छळतो तो तुलनेसाठी दिलेला, औषध नसलेला थेंब. तोही डोळा ओला करतो, पृष्ठभागावरचे दाहकारक पदार्थ पातळ करतो. म्हणजे तुलनेचा गटही थोडाफार उपचार घेतच असतो. शिवाय त्रास वाढलेला असतानाच माणूस चाचणीत दाखल होतो, त्यामुळे पुढे काहीसे बरे वाटणे ओघानेच येते. अमेरिकेतील ‘ड्रीम’ चाचणीत (२०१८) तर थेंबांची तुलनाच नव्हती. ५३५ रुग्णांपैकी एका गटाला रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल दिले. वर्षभरात त्रासाचे गुण, १०० पैकी, सरासरी १३.९ आणि १२.५ ने घटले. दोघेही सुधारले, पण ओमेगा-३ सरस ठरले नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. शिर्मर चाचणीत ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजली ते पाहतात. ५ मिमीपेक्षा कमी म्हणजे अश्रू बरेच कमी. पण कागद टोचला की डोळ्याला पाणी येते, म्हणून अनेक चाचण्यांत आधी भूल देणारा थेंब टाकतात. तरीही त्याच डोळ्याचा आकडा दुसऱ्या दिवशी वेगळा येऊ शकतो. त्यातच पृष्ठभागाची इजा दाखवण्यासाठी डोळ्यात घातलेल्या रंगद्रव्याचे बुबुळावर भरपूर ठिपके दिसणारा रुग्ण अनेकदा फारशी तक्रार करत नाही, आणि जळजळीने हैराण झालेल्याच्या डोळ्यात काही सापडत नाही.

लिफिटेग्रास्टचे नेमके हेच झाले. हे औषध दाह वाढवणाऱ्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) डोळ्याच्या पृष्ठभागावर चिकटू देत नाही. पहिल्या मोठ्या चाचणीत बुबुळावरचे ठिपके कमी झाले, पण रुग्णांच्या आधी ठरवलेल्या तक्रारीत फरक दिसला नाही. दुसरीत नेमके उलटे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये आणखी एक चाचणी मागितली. कोरडेपणाची तक्रार तिसऱ्यांदा तपासून झाल्यावर, २०१६ मध्ये मंजुरी मिळाली.

व्हॅरेनिक्लिनच्या नाकातील फवाऱ्याने (मंजुरी २०२१) तुलनेचा थेंबच उपचार ठरण्याची कोंडी चतुराईने टाळली, असे आम्हाला वाटते. फवारा नाकातील ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांना चेतवतो आणि अश्रुग्रंथी प्रतिक्षिप्तपणे पाझरते. डोळ्यात काहीच पडत नसल्याने पट्टीवर जे मोजले जाते ते अश्रूच. एका चाचणीत ४ आठवड्यांनी पट्टी किमान १० मिमी जास्त भिजणारे रुग्ण ४७ टक्के, औषधाविना फवारा घेणाऱ्यांत २८ टक्के. शिंका मात्र बहुतेकांना येतात.

अश्रू पुरेसे असून ते लवकर उडून जात असतील, तर दोष बहुधा पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथींचा असतो. त्यासाठी २०२३ मध्ये परफ्लुओरोहेक्झिलऑक्टेन मंजूर झाले. दिवसातून चार वेळा टाकायच्या या थेंबात पाणी नाही, परिरक्षकही (औषध टिकवणारे रसायन) नाही. पूर्ण द्रवच औषध. त्यातून औषध वगळले तर बाटलीत काहीच उरत नाही, म्हणून तुलनेला मिठाचे सौम्य, ०.६ टक्क्यांचे पाणी घेतले. औषध ठिपके आणि तक्रार या दोन्ही निकषांवर सरस ठरले. मात्र बिनपाण्याच्या आणि पाणीदार थेंबाचा स्पर्श वेगळा असतो. आपल्याला काय मिळाले हे किती रुग्णांनी ओळखले असेल, ही शंका वाजवीच आहे.