कार्बनचा हिशेब कारखान्याच्या गेटपर्यंत कसा आला

शिरोली, भोसरी, वाळूज, अंबड अशा कुठल्याही एमआयडीसीत एक्स्पोर्ट करणाऱ्या चार मालकांशी बोललात तर एक तक्रार हमखास ऐकू येते, की युरोपातल्या कस्टमरनं एक भलीमोठी एक्सेल शीट पाठवलीय, टनामागे किती कार्बन, वीज कुठली, कच्चा माल कुणाचा, सगळं विचारलंय आणि भरायची कशी ते कुणालाच माहीत नाही. मग ती शीट अकाउंटंटकडून क्वालिटीवाल्याकडे आणि तिथून एखाद्या कन्सल्टंटकडे फिरत राहते. हे अचानक आलं असं वाटतं खरं, पण यामागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि मला तरी त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: धंद्यानं कार्बन कमी केला तो पैसे वाचले म्हणून किंवा कुणीतरी हिशेब मागितला म्हणून. त्यात वावगं काहीच नाही, फक्त ते मान्य करून बोलावं एवढंच.

कोळसा जाळला की हवा तापते हे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसनं 1896 मध्येच मांडलं होतं. धंद्याला त्याचं देणंघेणं नव्हतं. 1973 च्या तेलसंकटानं पहिल्यांदा इंधन मोजायला लावलं, आपल्याकडे 1978 मध्ये पीसीआरए ही इंधनबचतीची सरकारी संस्था आली, एनर्जी ऑडिट हा शब्द कारखान्यात ऐकू यायला लागला, पण तेव्हा काळजी परकीय चलनाची होती, हवेची नव्हे.

मग हवामानबदलावरच्या जागतिक परिषदा, 1992 चं रिओ, 1997 चं क्योटो. क्योटोत ठरलं की श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करायचं, आणि जमलं नाही तर आपल्यासारख्या देशात कुणी कमी केलं असेल त्याचे क्रेडिट (टनाला एक) विकत घ्यायचे. सीडीएम म्हणतात ते हेच. यातला सगळ्यात मजेशीर (की चीड आणणारा?) किस्सा एचएफसी-23 चा. एसीत भरायचा आर-22 गॅस बनवताना हा बायप्रॉडक्ट निघतो, आणि तेव्हाच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे 11,700 टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक टन जाळला की 11,700 क्रेडिट! जाळायला खर्च किरकोळ. गुजरातमधल्या रणजितनगरचा असा प्रोजेक्ट 2005 मध्ये रजिस्टर झाला, चीनमध्ये तर बरेच झाले, आणि पुढे असा संशय यायला लागला की काही ठिकाणी मुख्य मालापेक्षा कचरा जाळण्यातच जास्त कमाई आहे. युरोपनं 2013 पासून हे क्रेडिट घेणं बंद केलं. शेवटी 2016 च्या ऑक्टोबरात भारत सरकारनं आपल्या कंपन्यांना सांगितलं की हा गॅस स्वतःच्या खर्चानं जाळा. म्हणजे काम तेच, फक्त त्याचे पैसे मिळणं बंद झालं. क्रेडिटचा भाव तोपर्यंत पडलाच होता, 2008 मध्ये 20 युरोच्या वर गेलेला तो 2012 संपता संपता एका युरोच्याही खाली आला.

साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या बघून लोकांना वाटतं की कंपन्यांना पर्यावरणाचा पुळका आला होता. तसं काही नव्हतं हो. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळायचा, म्हणजे तिची सगळी किंमत त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करता यायची, वर राज्याची सेल्स टॅक्समध्ये सवलत, त्यामुळे ज्याच्याकडे नफा होता आणि टॅक्स वाचवायचा होता त्यानं पवनचक्की उभी केली. हेतू काही का असेना, वीज स्वच्छच निघाली. फक्त युनिटपेक्षा गुंतवणुकीवर सवलत असल्यामुळे चक्की किती फिरते याकडे काहींनी फारसं लक्ष दिलं नाही ही टीकाही तेव्हाच झाली होती.

दरम्यान हिशेब ठेवायची पद्धत तयार होत होती. 2001 मध्ये जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे कंपनीनं आपलं उत्सर्जन कसं मोजायचं याची नियमावली, आला, आणि आज सगळे जे स्कोप वन-टू-थ्री म्हणतात ते तिथलं. तुमच्या भट्टीत, बॉयलरमध्ये, जनरेटरमध्ये जे जळतं ते वन, विकत घेतलेली वीज टू, आणि कच्चा माल, ट्रान्सपोर्ट, विकल्यावर मालाचं जे होतं ते सगळं थ्री. बहुतेक उद्योगांत थ्री सगळ्यात मोठा असतो आणि सगळ्यात कमी मोजला जातो. आणि गंमत बघा, 2004 च्या सुमाराला बीपी या तेल कंपनीनं लोकांसाठी कार्बन कॅल्क्युलेटर काढला, तुम्ही गाडी किती चालवता, घर किती तापवता वगैरे. तेल विकणारा गिऱ्हाइकाला विचारतो की तू किती जाळलंस!

आपल्याकडे खरा फरक पडला तो पॅट या सरकारच्या ऊर्जाबचतीच्या स्कीमनं, असं माझं मत आहे. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, 2002 मध्ये तो राबवणारी बीईई ही सरकारी संस्था, आणि 2012 ते 2015 पॅटचा पहिला टप्पा. सिमेंट, स्टील, खत, कागद, कापड अशा आठ क्षेत्रांतले 478 मोठे कारखाने, प्रत्येकाला टार्गेट, की एक टन मालाला एवढीच ऊर्जा वापरायची. जास्त वाचवली तर सर्टिफिकेट विका, कमी पडलं तर विकत घ्या. टार्गेट साधारण 67 लाख टन तेलाएवढं होतं, बचत झाली जवळपास 87 लाख. टार्गेट सोपं होतं असं म्हणणारेही आहेत, आणि त्यात तथ्य असावं, नाहीतर एवढं ओलांडलं नसतं. पण यानं एक झालं की प्लँट हेडच्या टेबलावर ऊर्जेचा आकडा रोज यायला लागला.

लहान कारखान्याला मात्र पॅट लागूच नव्हतं. तिथे विजेच्या बिलानंच काम केलं. फाउंड्रीचं उदाहरण घ्या. कोकवर चालणारी क्युपोला भट्टी जाऊन विजेवरची इंडक्शन फर्नेस आली, आता एक टन लोखंड वितळवायला समजा 600 युनिट लागतात, आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाची असल्यामुळे युनिटमागे सुमारे 0.7 किलो, म्हणजे नुसतं वितळवण्यातच 420 किलो कार्बन डायऑक्साइड. भट्टीचं झाकण उघडं राहिलं की उष्णता वर निघून जाते, मोल्ड तयार नाही म्हणून धातू तापवत ठेवला की युनिट पळतात, रिजेक्शन आलं की तोच माल पुन्हा वितळवायचा. आणि कंप्रेसर! जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद असताना शॉपफ्लोअरवर नुसतं उभं राहा, लाइनीतून हवा फुसफुसताना ऐकू येते. लक्ष न दिलेल्या कारखान्यात 20 ते 30 टक्के हवा अशीच जाते, आणि प्रेशर उगाच एक बार चढं ठेवलं की सहा-सात टक्के वीज जास्त. सोलर लावायच्या आधी हे करावं, पण सोलरचा फोटो निघतो, लीकेजचा निघत नाही.

हिशेब मागणारे वाढले ते मागच्या पाच वर्षांत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2021 मध्ये बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलचा वार्षिक अहवाल, आणलं, 2022-23 पासून पहिल्या 1,000 लिस्टेड कंपन्यांना ते बंधनकारक झालं. मोठ्या कंपनीला स्वतःचा आकडा द्यायचा म्हटल्यावर ती व्हेंडरला विचारणारच, तिचा स्कोप थ्री म्हणजे तुमची भट्टी.

आणि मग सीबीएएम, युरोपचा सीमेवरचा कार्बन टॅक्स. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा हिशेब सुरू. स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज. यात बारकावे आहेत आणि तेच लोक वाचत नाहीत. नट-बोल्ट यात आहेत, पाइप फिटिंग आहेत. पण स्टीलच्या मालाला तुमच्या विजेचा कार्बन या आकारणीत धरत नाहीत, थेट जळणारं इंधन आणि कच्च्या मालासोबत आलेला कार्बन धरतात. म्हणजे बोल्ट बनवणाऱ्याचा स्वतःचा वाटा थोडा, सगळं ओझं वायर रॉडबरोबर, म्हणजे ज्यापासून बोल्ट बनतो त्या स्टीलच्या जाड तारेबरोबर, येतं, आणि भारतात एक टन स्टीलला सरासरी 2.5 टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी 2 टनाच्या खाली. त्यामुळे रॉड कुठल्या मिलचा, स्क्रॅपपासूनचा की कोळशावर खनिज वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसचा, याला आता किंमत आली. मिलनं आकडा दिला नाही तर डिफॉल्ट आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलाय. वर्षाला 50 टनांपर्यंतच माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट आहे, म्हणजे अगदी छोटे आयातदार सुटतात.

सरकारनं 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची स्कीम जाहीर केली, 2025 च्या ऑक्टोबरात सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या क्षेत्रांना टार्गेटही ठरवून दिली. यात एक्स्पोर्टरचा स्वार्थ असा, की देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी युरोपात वजा होऊ शकते. फक्त 2025 मध्ये तिथे टनाचा भाव 70 युरोच्या आसपास फिरत होता आणि इथला बाजार तेव्हा नीट सुरूही झाला नव्हता, त्यामुळे फरकाचे पैसे भरावेच लागणार, आणि ते आयातदार भरणार की रेट पाडून आपल्याकडून काढणार यावरच सध्या घासाघीस चाललीय.