हॅरिसन, हेन्री कोल्डन अँटिल
(१६ ऑक्टोबर १८३६ – २ सप्टेंबर १९२९). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील (हात व पाय दोन्ही वापरून खेळला जाणारा ऑस्ट्रेलियातील स्वतंत्र फुटबॉल) आद्य खेळाडू, धावपटू, नियमकर्ते व क्रीडाप्रशासक. जन्म न्यू साउथ वेल्समधील पिक्टनजवळ. वडील जहाजाचे कप्तान होते. हॅरिसन लहान असतानाच कुटुंब आजच्या व्हिक्टोरिया राज्यात स्थायिक झाले. मेलबर्नमध्ये शिक्षण घेऊन ते जकात खात्यात लागले. प्रसिद्ध क्रिकेटपटू टॉम विल्स हे त्यांचे मामेभाऊ. विल्स यांची बहीण एमिली हिच्याशी त्यांचा विवाह झाला (१८६४).

हॅरिसन यांना दीर्घकाळ ‘खेळाचे जनक’ म्हटले गेले. १९०८ मधील या खेळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास ही ओळख पक्की झाली असावी. मात्र ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी फुटबॉल क्लब काढावा, असे सुचवणारे पत्र विल्स यांनी जुलै १८५८ मध्ये प्रसिद्ध केले. १७ मे १८५९ रोजी मेलबर्न क्लबचे पहिले दहा नियम ठरले, ते विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आदींच्या बैठकीत; तीत हॅरिसन नव्हते. रग्बीचे नियम न उचलता आपला स्वतंत्र खेळ घडवावा, हा सल्ला विल्स यांचाच होता, हे हॅरिसन यांनीही १९२३ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. इतिहासकार जिलियन हिबिन्स यांनी हॅरिसन यांना खेळाचे पालक-पिता (जन्मदाते नव्हे, तर जोपासना करणारे) ठरवले. तेच अधिक ग्राह्य वाटते. मूळनिवासींच्या ‘मार्नग्रूक’ या चेंडूच्या खेळाचा या नियमांवर प्रभाव होता की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. समकालीन लेखी पुरावा मात्र आढळत नाही.

त्यांचे निर्विवाद कार्य १८६६ चे. त्या वर्षी ८ मे रोजी क्लबांच्या प्रतिनिधींनी हॅरिसन यांनी तयार केलेली सुधारित नियमावली स्वीकारली. मूळ नियमांत पायाने मारलेला चेंडू झेलला किंवा टप्प्यावर आला तरच हातात घेता येई. जमिनीवरून उचलण्यास मनाई होती. नव्या नियमाने चेंडू केव्हाही हातात घेण्याची मुभा दिली, परंतु तो घेऊन धावणाऱ्याने दर पाच-सहा यार्डांना टप्पा द्यावा, अशी अट घातली. खेळाचा वेग आणि स्वतंत्र चेहरा येथूनच घडला, असे म्हणता येईल. चेंडू घेऊन सुसाट पळणाऱ्यांत स्वतः हॅरिसन अग्रेसर होते, त्यामुळे ही अट एका परीने त्यांच्यावरच बंधन घालणारी होती. टप्प्याचा नियम आजही आहे. अंतर आता १५ मीटर.

मेलबर्न, रिचमंड व जिलाँग या संघांचे त्यांनी नेतृत्व केले. पुढे व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनचे (१८७७) ते उपाध्यक्ष झाले. मेलबर्न क्रिकेट क्लबचेही ते अनेक वर्षे उपाध्यक्ष होते. हिरवळ खराब होईल म्हणून हा क्लब फुटबॉलला मैदान देण्यास नाखूष असे. तेथे फुटबॉलला जागा मिळवून देण्यात हॅरिसन यांच्या मध्यस्थीचा मोठा वाटा होता. ऑस्ट्रेलेशियन फुटबॉल कौन्सिलचे अध्यक्षपदही (१९०५) त्यांच्याकडे आले. ते मेलबर्न येथे निवर्तले. त्यानंतर व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या मुख्यालयास ‘हॅरिसन हाउस’ हे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत विल्स व हॅरिसन या दोघांचाही समावेश झाला.