बेंडर म्हणजे नेमका कुठला बेंडर?

प्रशिक्षक युर्गन क्लॉपच्या काळातल्या डॉर्टमुंड या जर्मन फुटबॉल क्लबची आठवण निघाली की कुणीतरी हमखास ‘लार्स बेंडर’ लिहितं. तो स्वेन होता. लार्स डॉर्टमुंडकडून एकही सामना खेळलेला नाही.

सारखेपणा पटकन उरकू. जुळे भाऊ, जन्म 27 एप्रिल 1989, रोझेनहाइम. दोघेही 1860 म्युनिक या क्लबमध्ये घडले, 2009 मध्ये वेगळे झाले आणि 2021 मध्ये एकत्रच निवृत्त झाले. 2009 ते 2017 या काळासाठी जर्सी बघा: डॉर्टमुंडची पिवळी-काळी स्वेनची, लेव्हरकुसेन या दुसऱ्या जर्मन क्लबची लाल-काळी लार्सची. एवढं पुरे.

खरी गफलत खेळाच्या शैलीत होते. दोघांनाही सरसकट ‘बचावात्मक मिडफिल्डर’ म्हणतात आणि हा शिक्का मला अजिबात पटत नाही. जर्मन भाषेत सहा नंबर आणि आठ नंबर या वेगळ्या भूमिका आहेत. स्वेन अस्सल सहा नंबर. 2010-11 च्या विजेत्या संघात नुरी शाहिन चेंडू पुढे खेळवायचा, तेव्हा त्याच्या मागची मोकळी जागा स्वेन राखायचा. बचावफळीपुढे थांबायचं, चेंडू हिसकावायचा, जवळच्याला द्यायचा. लार्सचा पिंड आठ नंबरचा: एका पेनल्टी क्षेत्रापासून दुसऱ्यापर्यंत धाव, वेळ साधून गोलसमोर हजर. म्हणूनच तो पुढे राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू म्हणूनही सहज खपला.

युरो 2012 मध्ये हेच दिसलं. डेन्मार्कविरुद्ध जर्मनीचा नेहमीचा राइट बॅक बोआटेंग निलंबित, म्हणून त्या जागी लार्स. 80व्या मिनिटाला पार पुढे धावत येऊन त्याने विजयी गोल केला. या गोलचं श्रेय स्वेनला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, स्वेन स्पर्धेसाठी निवडलेल्या अंतिम संघातच नव्हता. जर्मनीकडून लार्स 19 सामने, 4 गोल. स्वेन 7 सामने.

क्लबच्या पदकांचं पारडं मात्र उलट. स्वेनकडे 2011 आणि 2012 चा बुंडेसलिगा (जर्मन लीगचं विजेतेपद), 2012 चा जर्मन कप, वर 2013 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळल्याचा मान. लार्सच्या बारा मोसमांत लेव्हरकुसेनला एकही करंडक नाही. त्यावरून त्याला दुय्यम ठरवणं मला मान्य नाही; तो त्या संघाचा कर्णधार होता. रिओ 2016 चं ऑलिंपिक रौप्य दोघांचंही.

2017 मध्ये स्वेन लेव्हरकुसेनला आला आणि जर्सीची खूण निकामी झाली. तिथून पुढे जागा बघा: बचावफळीच्या मध्यभागी असेल तो बहुधा स्वेन, उजव्या कडेला असेल तो लार्स. 2020 च्या जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध हेडरने झालेला गोल स्वेनचा.

आणि दोघांच्या निरोपाच्या सामन्यातला तो पेनल्टी? 22 मे 2021, डॉर्टमुंडचं मैदान, डॉर्टमुंडचा गोलरक्षक ब्युर्की जागचा हलला नाही. मैदान स्वेनच्या जुन्या घरचं, पण गोल लार्सचा.